मुलाची भूक आणि वडीलधाऱ्यांची सक्ती

पानात काही टाकू नये, ही शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. अन्नाविषयी आदर निर्माण करणारी ही रीत योग्यच होय. परंतु मुलाने किती खावे हे वाढणाऱ्याने ठरवावे की खाणाऱ्याच्या भुकेने, हा प्रश्न तिच्यामागे उभा असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च (१९४६–२०१९) यांनी आपले संशोधन मुख्यतः याच प्रश्नाला वाहिले होते.

बर्च यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते ५ वर्षांच्या १५ बालकांचा आहार सहा दिवस मोजला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले की, एकेका जेवणातील अन्नाचे प्रमाण पुष्कळ कमीजास्त होई. मात्र दिवसाची एकूण बेरीज जवळजवळ सारखीच राही. सकाळी कमी खाल्लेले मूल पुढे ती उणीव भरून काढी. निरोगी बालकाची भूक ही अशी बऱ्याच अंशी विश्वासार्ह असते.

मग ही जाण बिघडते कशाने? त्याची दोन कारणे या संशोधनातून पुढे आली. पहिले कारण आग्रह. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालकांना सूप देऊन ते संपविण्याचा तगादा लावण्यात आला. तगादा नसताना मुलांनी सूप अधिक घेतले, आणि तगादा असताना त्याविषयी नापसंतीचे उद्गार अधिक काढले. दुसरे कारण बंदी. १९९९ सालच्या प्रयोगात एक खाऊ मुलांच्या नजरेसमोर असूनही ठराविक वेळेपुरताच घेऊ दिला जाई. परिणाम असा झाला की, त्या खाऊकडेच मुलांचे लक्ष लागले आणि संधी मिळताच त्यांनी तोच अधिक खाल्ला.

पुढे १९७ मुलींची पाहणी त्यांच्या पाचव्या वर्षापासून अनेक वर्षे करण्यात आली. पोटभर जेवल्यावरही समोर खाऊ दिसताच खात राहण्याची सवय, पाचव्या वर्षी मातेकडून अधिक बंधने आलेल्या मुलींत नवव्या वर्षी अधिक आढळली; आधीच स्थूल असलेल्या मुलींत ती सर्वांत अधिक होती. याच पाहणीत पाच वर्षांच्या स्थूल मुलीदेखील स्वतःच्या शरीराविषयी कमीपणा बाळगताना दिसल्या. मूल स्थूल म्हणूनच पालक बंधने घालतात, हेही संभवते. तथापि त्या बंधनांनी हेतू साधला नाही, एवढे खरे.

आपल्या खेड्यांतील शाळांत स्थूलतेपेक्षा कृशतेचीच चिंता अधिक आहे, आणि शालेय पोषण आहार हा पुष्कळ मुलांचा मोठा आधार आहे. म्हणूनच हे संशोधन येथे विचारपूर्वक लागू केले पाहिजे. मुलाला कमी वाढावे असा त्याचा अर्थ नाही. काय व केव्हा वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे हे मुलाच्या भुकेवर सोपवावे, असा त्याचा आशय घेता येईल.

शिक्षकांनी यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम थोडे वाढावे आणि प्रत्येकाला पुन्हा हवे का ते आवर्जून विचारावे. म्हणजे कोणी उपाशी राहत नाही आणि अन्नही वाया जात नाही. उसळ किंवा भाजी संपविल्याबद्दल गोड खाऊचे बक्षीस देऊ नये, तसेच शिक्षा म्हणून जेवण कदापि रोखू नये. कोणाला ‘ढब्बू’ वा ‘काडी’ म्हणू नये व इतरांनाही म्हणू देऊ नये. वजन घेताना आकडा वर्गासमोर पुकारू नये.

जे मूल रोजच पानात टाकते, लपवून खाते किंवा जेवण टाळते, त्याला रागावण्यापूर्वी त्याची एकांतात आस्थेने विचारपूस करावी. आजार, जंत, घरची विवंचना अथवा सोबत्यांची चेष्टा यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. गरज वाटल्यास पालकांशी बोलून प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा.

पानाचा आदर राखावाच. परंतु त्या पानावर बसलेल्या बालकाचा मानही त्याबरोबरच राखला जावा.