मोडते हे ठाऊक, कशी ते नाही

2 चा 67 वा घात घ्या आणि त्यातून 1 वजा करा. 147573952589676412927 ही एकवीस अंकी संख्या मिळते. मारँ मेर्सेन या पॅरिसच्या धर्मगुरूने 1644 साली ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. त्या यादीत 67 आणि 257 हे घातांक नको असताना शिरले होते, आणि 61, 89, 107 राहून गेले होते. तपासणार तरी कोण? भागून पाहायचं ते वर्गमूळापर्यंत, आणि वर्गमूळच सुमारे 1,200 कोटींच्या घरात!

1876 साली एदुआर ल्युकाने ही संख्या मूळ नसल्याचं दाखवलं. अवयव मात्र त्याच्या हाती एकही नव्हता. त्याने वापरलेली कसोटी गणितज्ञ लेहमरने 1930 साली सुटसुटीत केली. 4 पासून सुरुवात करायची. वर्ग करून 2 वजा करायचे आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. असं 65 वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. भाग कशाने जातो, हा प्रश्न या हिशेबात कुठे येतच नाही.

तो प्रश्न फ्रँक नेल्सन कोलने धसास लावला. 1903 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्याने उत्तर मांडलं: 193707721 × 761838257287. तो फळ्याशी गेला, अवाक्षर न बोलता दोन्ही बाजूंचे आकडे मांडले आणि टाळ्यांच्या गजरात जागेवर येऊन बसला, अशी कथा आहे. किती वेळ लागला यावर ‘तीन वर्षांचे रविवार’ हे त्याचं उत्तरही त्याच कथेतलं. पण कथा सांगणारा एरिक टेंपल बेल सांगताना मीठमसाला लावण्याबद्दल प्रसिद्ध, तेव्हा मौनाचा भाग जरा बेतानेच घ्यावा. गुणाकार मात्र कुणीही करून पाहावा.

कोल आंधळेपणाने भागत बसला नव्हता. या संख्येचा प्रत्येक विभाजक 134 च्या पटीपेक्षा 1 ने मोठा असावा लागतो, आणि त्याला 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च उरते. एवढ्यावरच लहान अवयवापर्यंतचे उमेदवार सुमारे सव्वासात लाखांवर येतात. वर्गशेषांच्या आधारे त्याने आणखी चाळण लावली. 

‘मूळ आहे का?’ आणि ‘अवयव कोणते?’ यांतली दरी संगणकानेही बुजवलेली नाही. 2002 मध्ये कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी पहिल्या प्रश्नासाठी वेगवान आणि खात्रीची रीत दिली. दुसऱ्यासाठी तशी रीत सामान्य संगणकाला अजून सापडलेली नाही. आरएसए कूटपद्धत याच अडचणीच्या भरवशावर उभी आहे. या पद्धतीची ताकद जोखायला आव्हान म्हणून दिलेली 250 अंकी संख्या 2020 साली फुटली, तीही असंख्य संगणक जुंपून. आणि 2 चा 1277 वा घात वजा 1 ही 385 अंकी संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालेलं आहे. तिचा एकही अवयव आजवर कुणाला सापडलेला नाही.