वजन उतरले, म्हणून तब्येत सुधारली का?

उतारवयात वजन आपोआप घटू लागले की घरचे खूश होतात. पण कमी झाले ते काय, चरबी की हातापायातले बळ? घरातल्या ज्येष्ठांच्या ताटाकडे आणि चालण्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

भिलाईच्या वैशाली नगरात सकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडलात, तर पांढरे बूट घातलेली, हातात काठी किंवा पिशवी घेतलेली ज्येष्ठ मंडळी घोळक्याने फिरताना दिसतील. यांतल्या कित्येकांनी उमेदीची वर्षे पोलाद कारखान्यात घालवली आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नागपूर, भंडारा भागांतली बरीच मराठी कुटुंबे नोकरीसाठी इकडे आली. निवृत्तीनंतर सेक्टरमधले क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा अनेकांनी वैशाली नगरात घरे बांधली. मुले पुण्याला, हैदराबादला नाहीतर परदेशात. घरात राहिले दोघे म्हातारा-म्हातारी.

या मंडळींच्या गप्पांत पूर्वी ड्यूटी आणि प्रमोशन असायचे. आता साखर, रक्तदाब आणि वजन असते. ‘किती किलो उतरवलंत?’ हा प्रश्न तर रोजचाच. ज्याने जास्त उतरवले, त्याचे कौतुक अधिक.

आमच्या सासऱ्यांचेही असेच कौतुक झाले होते.

कौतुकाचे दहा महिने

बाबांना एकाहत्तराव्या वर्षी मधुमेह निघाला. स्वभाव शिस्तीचा, त्यामुळे त्यांनी साखर सोडली आणि तिच्यासोबत आणखीही बरेच सोडले. भात बंद, दूध बंद, तूप बंद. ‘कोलेस्टेरॉल वाढतं’ म्हणून अंडे बंद, ‘तेलकट’ म्हणून शेंगदाणे बंद. रात्री फक्त पातळ वरण आणि अर्धी पोळी. मीही मोठ्या उत्साहाने त्यांना साथ दिली. ताटात पोळी वाढताना ‘बाबा, एकच हं!’ असे मीच म्हणत असे.

दहा महिन्यांत त्यांचे वजन ७२ किलोवरून ६१ वर आले. शर्ट ढगळ झाले. शेजारचे काका म्हणाले, ‘‘वा! अगदी तरुण दिसायला लागलात.’’ मलाही मनातून अभिमान वाटला.

त्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर सगळे उठले, पण बाबा पाटावरून उठेनात. खांबाला धरून, मुलाचा हात धरून ते कसेबसे उभे राहिले. ‘‘पाय बधिर झाला,’’ म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पंधरा दिवसांनी ते न्हाणीघरात घसरले. नशीब बलवत्तर म्हणून हाड मोडले नाही, मनगट मुरगळण्यावर भागले.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी मनगटाआधी त्यांच्या पायांकडे पाहिले. पोटऱ्या दाबून बघितल्या आणि विचारले, ‘‘वजन किती उतरलंय?’’ मी अभिमानाने आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘‘ताई, यात चरबी किती गेली आणि मांस किती गेलं, ते कुणी पाहिलं का?’’

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

आकडा बरोबर, तरी माणूस अशक्त

वजन योग्य आहे की नाही, हे पाहण्याचे एक सोपे गणित आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. भारतीय प्रौढांसाठी १८.५ ते २२.९ हा आकडा योग्य मानला जातो. बाबांची उंची १ मीटर ६८ सेंटिमीटर. आधी त्यांचा आकडा २५.५ होता, नंतर तो २१.६ झाला. म्हणजे कागदावर सारे उत्तम! पण प्रत्यक्षात त्यांना पाटावरून उठता येत नव्हते.

याचे कारण असे की वजनाचा काटा चरबी आणि स्नायू यांत फरक करीत नाही. वय वाढते तसे स्नायू आपोआपच झिजत जातात आणि साठीनंतर ही झीज वेगाने होते. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचवले. अशा वयात खाणे एकदम तोडले आणि व्यायामही नसला, तर चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातात. मग जिना जड वाटतो, चाल मंदावते, तोल जातो. पडणे, हाड मोडणे आणि अंथरुणाला खिळणे ही त्यापुढची पायरी ठरू शकते. अंथरुणात पडून राहिले की स्नायू आणखी झिजतात, हे दुष्टचक्र वेगळेच.

म्हणूनच म्हातारपणी थोडे भरलेले अंग तितकेसे वाईट नसते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पासष्टी ओलांडलेल्या सुमारे दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. त्यात मृत्यूचा धोका सर्वांत कमी दिसला तो २४ ते ३० या बीएमआयच्या लोकांत आणि २३ च्या खाली तो वाढत गेला. ही माणसे बहुतांश पाश्चात्त्य देशांतली होती, तेव्हा हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे कमी वजनालाही मधुमेह गाठतो. पण बोध घेण्यासारखा आहे: तिशीतल्या माणसाचे माप सत्तरीतल्या माणसाला लावू नये. आशियाई लोकांत सत्तरीनंतर बीएमआय २० पेक्षा खाली जाणे हे कुपोषणाचे एक लक्षण धरतात.

‘कुपोषण’ म्हटले की आपल्यासमोर गरीब घरातले लहान मूल येते. पण २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वार्धक्यविषयक मोठ्या पाहणीत साठीपुढच्यांपैकी सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे आणि सुमारे २२ टक्के जास्त वजनाचे आढळले. म्हणजे आपल्या देशात जाड म्हाताऱ्यांपेक्षा रोडावलेले म्हातारे अधिक आहेत.

भूक कुठे जाते?

वयाबरोबर भूक कमी होते, हे खरे. जिभेची चव आणि नाकाचा वास मंदावतो. पोट लवकर भरल्यासारखे वाटते. दात पडलेले किंवा कवळी नीट न बसणारी असेल, तर भाकरी, उसळ, पेरू हे पदार्थ आपोआप सुटतात आणि बिस्किटे, चहा, मऊ भात उरतो. काही औषधांनीही भूक मरते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींची भूक कमी होते आणि ते बरीच वर्षे घेतल्यास बी-१२ हे जीवनसत्त्वही घटू शकते. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असण्याची शक्यता असते.

आणि एक कारण कोणत्याही तपासणीत दिसत नाही, ते म्हणजे एकटेपणा. जोडीदार गेल्यावर ‘एकट्यासाठी काय करायचं?’ म्हणून सकाळचीच पोळी रात्री दुधात कुस्करून खाणाऱ्या आजी आपल्या आसपास किती तरी असतात. आयुष्यभर सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाण्याची सवय असलेल्या बायकांना तर आपण कमी खातो आहोत, हे जाणवतही नाही.

मात्र प्रत्येक वेळी ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. क्षयरोग, थायरॉइडचा विकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, कर्करोग किंवा मनाची उदासीनता यांपैकी काही त्यामागे दडलेले असू शकते.

घरच्या घरी तीन तपासण्या

• बोटांचे कडे : खुर्चीवर बसून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडे करा. पोटरी कड्यात मावत नसेल तर उत्तम. कडे सैल पडून फट राहत असेल, तर स्नायू घटल्याची शंका घ्या. जपानमध्ये ज्येष्ठांसाठी ही तपासणी वापरतात.

• खुर्चीवरून उठणे : हात छातीशी घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पायांतले बळ कमी झाले आहे. तोल जाणाऱ्यांनी हे करताना कुणाला तरी जवळ उभे करावे.

• महिन्याचा आकडा : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, एकाच काट्यावर, सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहा. सैल झालेली अंगठी, घड्याळाचा पट्टा आणि पायजम्याची नाडीही बरेच काही सांगते.

ताटात काय वाढावे?

डॉक्टरांनी सांगितल्यावर मी बाबांच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला. सकाळचा चहा-बिस्किटे, थोडे पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री अर्धी पोळी. या सगळ्यात प्रथिने जेमतेम तीस ग्रॅमच्या आसपास भरली. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये ज्येष्ठांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे सुचवले आहे. म्हणजे बाबांना साठ-सत्तर ग्रॅम हवी होती आणि आम्ही देत होतो निम्मी!

ही भर घालायला महागडी डब्यातली पावडर लागत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. मूठभर भाजलेल्या चण्यांत किंवा शेंगदाण्यांत ६ ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीत ७ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅमच्या जवळपास. फक्त ती तिन्ही वेळच्या खाण्यात विभागली जावीत. एकाच वेळी भरपूर खाणे म्हाताऱ्या पोटाला झेपत नाही.

आमच्या घरी आता असे चालते :

सकाळी : दूध आणि मुगाच्या डाळीचे धिरडे, नाहीतर अंडे आणि पोळी.

मधल्या वेळी : एखादे फळ, भिजवून ठेचलेले शेंगदाणे किंवा फुटाण्याचे पीठ ताकात कालवून.

दुपारी : दोन पोळ्या किंवा ज्वारीची भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, वाटीभर दही, थोडा भात.

संध्याकाळी : चहासोबत बिस्किटांऐवजी फुटाणे. चावत नसतील तर त्यांची पूड.

रात्री : मुगाची खिचडी, चमचाभर तूप, पिठले किंवा पनीरची भुर्जी.

छत्तीसगढात राहण्याचा फायदा असा की इथे पालेभाज्यांची चंगळ आहे. सुपेल्याच्या बाजारात लाल भाजी, चना भाजी आणि मुनग्याची पाने सहज मिळतात. मुनगा म्हणजे आपला शेवगा. डाळीत मूठभर पाने घातली की वेगळी भाजी करायला नको. उन्हाळ्यात इथल्यासारखे बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खायलाही हरकत नाही, पण त्याच्यासोबत दही आणि जवसाची चटणी असू द्या. मधुमेह असेल तर भाताचे प्रमाण मात्र मोजून ठेवा.

पाण्याचेही तसेच. म्हातारपणी तहान लागल्याचे लवकर कळत नाही, म्हणून मागण्याची वाट न पाहता पेला हातात द्यावा.

एक सावधगिरी हवी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हृदयविकारात पाण्यावर बंधन घातलेले असेल, तर तेही पाळा. ड आणि बी-१२ जीवनसत्त्वांच्या गोळ्याही तपासणी करून, सल्ल्यानेच घ्याव्यात.

आणि ज्यांचे वजन खरोखरच जास्त आहे?

गुडघे दुखतात, धाप लागते, साखर वाढलेली आहे, अशांनी वजन कमी करायला हवेच. पण उपास करून नव्हे. साखर, तळण, मैदा आणि फरसाण कमी करा. डाळ, दूध, अंडी कमी करू नका. वजन हळूहळू उतरू द्या आणि सोबत बळ वाढवणारा व्यायाम ठेवा. नुसते चालणे चांगले, पण पुरेसे नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याच्या भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करणे, एवढेही आठवड्यातून दोन-तीनदा केले तर स्नायूंना खाल्लेले लागते. व्यायामाशिवाय प्रथिने आणि प्रथिनांशिवाय व्यायाम, दोन्ही अपुरी.

सोबत बसून जेवा

बाबांच्या ताटात दही, डाळ आणि अंडे परत आले. डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण पाहून घेतले, साखर आटोक्यात राहिली. आठ महिन्यांत वजन फक्त तीन किलो वाढले. पण पुढच्या गणपतीत आरती झाल्यावर ते एक हात गुडघ्यावर ठेवून, कुणाचाही आधार न घेता पाटावरून उठले. आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘‘सूनबाई, आता मोदक वाढ. एकच हं!’’

आपले आई-वडील दूर राहत असतील, तर फोनवर ‘जेवलात का?’ एवढेच विचारू नका. ‘काय जेवलात?’ असे विचारा. सुट्टीत घरी गेलात की त्यांच्या पोटऱ्यांकडे, सैल झालेल्या कपड्यांकडे पाहा. आणि जवळ राहत असाल तर निदान एक वेळचे जेवण त्यांच्यासोबत बसून घ्या. गप्पांच्या नादात त्यांना दोन घास जास्तच जातात.