वीस एमबीपीएसची शांतता

ताथवड्यातल्या एखाद्या पीजीत रात्री नऊला एकाचा अवाढव्य गेम उतरत असतो आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्याचा मुलाखतीचा व्हिडिओ कॉल अडखळत असतो. मालक वैतागून राउटरमध्ये शिरतो आणि खोलीमागे 20 एमबीपीएसची मर्यादा घालतो. आता सांगा, तारेतली माहिती हळू धावायला लागली का?

मुळीच नाही! गिगाबिट पोर्टला 1500 बाइटचं एक पॅकेट बाहेर फेकायला 12 मायक्रोसेकंद लागतात, मर्यादा असो वा नसो. राउटर फक्त थांबतो. 12 मायक्रोसेकंद काम, मग त्या खोलीपुरती 588 मायक्रोसेकंद विश्रांती. वेगमर्यादा म्हणजे जवळजवळ सगळी शांतताच!

हिशेब मेसच्या कुपनांसारखा. ठरल्या गतीने कुपनं डब्यात पडत राहतात. पॅकेटनं कुपन द्यायचं आणि निघायचं. डबा भरला की वरची कुपनं वाया. याला म्हणतात टोकन बकेट. वेबपान झटकन उघडतं ते साठलेल्या कुपनांवर. गेम मात्र साठा फस्त करतो आणि मग रांगेत उभा राहतो.

पण गेम पाठवणारा सर्व्हर तर सातासमुद्रापार. त्याला ‘हळू पाठव’ असं कोण कळवतं? कुणीच नाही! रांग भरली की राउटर जादा पॅकेटं टाकून देतो; त्यांची पोच आली नाही, की सर्व्हर स्वतःच हात आखडता घेतो. ही समज त्याला उपजत नव्हती. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून चारशे मीटरही दूर नसलेल्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. म्हणजे सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरं! ताथवड्याच्या भुयारी मार्गात होतं तेच झालं होतं: जो तो पुढे घुसत होता. नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उतारा मांडला: पॅकेट हरवलं की माघार घ्या, मग हळूहळू वेग वाढवा.

सगळ्यात गंमत पुढेच आहे. 100 एमबीपीएसची लाइन मुद्दाम 90 वर आणली, तर कॉल सुधारतो! कारण रांग आता इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कॉलच्या चिमुकल्या पॅकेटांना पुढे काढता येतं.

तुमच्या राउटरमध्ये ‘क्यूओएस’ नावाचा कप्पा असेल, तर आज रात्री तिथे तुमच्या लाइनच्या वेगाचे 90 टक्के लिहा, गेम उतरायला लावा आणि घरी आईला व्हिडिओ कॉल करून बघा.