डॉट एनयू नेमकं कुणाचं?

डॉट इन म्हणजे भारत, हे आपल्याला पाठ असतं. पण या दोन अक्षरांवर हक्क कुणाचा चालतो? त्यासाठी आज मी नीऊएची गोष्ट सांगणार आहे.

नीऊए हे दक्षिण पॅसिफिकमधलं बेट. वस्ती दोन हजारांच्याही आत, म्हणजे आपल्याकडचं एखादं गावच. देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा कोड 'एनयू', म्हणून इंटरनेटवरचं शेपूट डॉट एनयू. आता योगायोग बघा, स्वीडिश भाषेत 'नू' म्हणजे 'आत्ता'! मग काय, स्वीडनमधून या नावांवर उड्याच पडल्या.

१९९७ साली डॉट एनयूचा कारभार गेला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या मंडळींकडे. तेव्हा अशी कामं बरीचशी ओळखीवर आणि विश्वासावर चालायची. त्यांच्या संस्थेनं पुढे बेटावर फुकट वाय-फाय दिलं, हेही खरं. पण नावं विकायची कुणाला, पैसा जायचा कुठे, हे बेटावर ठरत नव्हतं. २०१३ मध्ये रोजचा कारभार स्वीडनच्या इंटरनेट फाउंडेशनकडे गेला, आणि २०१८ मध्ये नीऊए सरकारनं थेट स्वीडनच्या कोर्टात दावा लावला.

गंमत म्हणजे नियम आधीपासून होता. जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवलं होतं की इथे मालकीची भाषा नकोच, जबाबदारी बघा. कारभारी हा त्या देशाचा आणि जगभरच्या इंटरनेटचा विश्वस्त. देवस्थानचा ट्रस्टी देवळाचा मालक नसतो ना, तसंच.

मग सगळं सरकारच्या हाती द्यायचं? थांबा. २०१० मध्ये लिबियानं डॉट एलवायवरचं एक छोटं संकेतस्थळ शरियतला धरून नाही म्हणून बंद केलं. नाव घेणारे लिबियाचे नव्हतेच.

आपल्याकडे डॉट इन आधी मुंबईत जुहूच्या एनसीएसटीकडे होतं, २००५ पासून निक्सी या ना-नफा संस्थेकडे आहे. सरकारचा हात वर असतोच, पण रोजचं काम वेगळ्या संस्थेकडे. मला हीच रचना बरी वाटते. विश्वस्त बदलायचा हक्क देशाला हवा, मात्र कुणाचं नाव काढून घ्यायचं तर कारण लेखी द्यावं आणि दाद मागायला जागा असावी. नीऊएला तर आधी तो पहिला हक्कच मिळायला हवा.