सिंकथिंग ‘आउट ऑफ सिंक’ दाखवतंय? अ‍ॅप उडवण्याआधी हे वाचा

फोनची मेमरी भरली. फोटो तर सिंकथिंगमुळे लॅपटॉपवर गेलेलेच आहेत, मग फोनमधले उडवायला काय हरकत आहे? असा विचार करून अनेक जण गॅलरी रिकामी करतात. आणि थोड्या वेळात लॅपटॉपवरचे फोटोही गायब होतात.

यात सिंकथिंग बिघडलेलं नसतं. त्याने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. सिंक म्हणजे दोन ठिकाणचे फोल्डर सारखे ठेवणं. एकीकडे फाइल आली की दुसरीकडे येणार, एकीकडे उडाली की दुसरीकडेही उडणार. बॅकअप ही वेगळी गोष्ट आहे. हा फरक कळला की सिंकथिंगचे बरेचसे ‘एरर’ एकदम सोपे वाटायला लागतात. कारण त्यातले अनेक मेसेज बिघाड झाला म्हणून येत नाहीत. तुमचा डेटा जाऊ नये म्हणून टूल स्वतःहून थांबलेलं असतं.

सिंकथिंग नेमकं आहे काय?

सिंकथिंग हे फुकट आणि ओपन सोर्स टूल आहे. म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो. स्वीडनच्या याकोब बोर्ग यांनी ते सुरू केलं आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली.

गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये तुमची फाइल आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. सिंकथिंगमध्ये असा मधला साठाच नाही. तुमचा फोन थेट तुमच्या लॅपटॉपशी बोलतो. मोठ्या फाइलचे तुकडे केले जातात, १२८ केबीपासून १६ एमबीपर्यंतचे. प्रत्येक तुकड्याचा एक डिजिटल ठसा काढला जातो. ज्या तुकड्याचा ठसा बदलला, तेवढाच तुकडा पाठवला जातो. त्यामुळे मोठ्या फाइलमध्ये छोटा बदल झाला तर पूर्ण फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही.

मधला साठा नाही, याचा आणखी एक अर्थ होतो. दोन्ही डिव्हाइस एकाच वेळी चालू असायला हवेत. लॅपटॉप बंद करून फोनवरून फोटो पाठवले आणि नंतर फोन बंद करून लॅपटॉप उघडला, तर काहीच येणार नाही.

डिव्हाइस एकमेकांना सापडतच नाहीत

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे होते. तीन गोष्टी क्रमाने तपासा.

पहिली, दोन्हीकडे एकमेकांचा डिव्हाइस आयडी टाकलाय का? फक्त एकाच बाजूने जोडून चालत नाही, दुसऱ्या बाजूनेही होकार द्यावा लागतो. फोल्डरचंही तसंच. एकाने शेअर केला तरी दुसऱ्याला तो स्वीकारावा लागतो.

दुसरी, फायरवॉल. सिंकथिंग साधारणपणे २२००० हा पोर्ट वापरतं आणि एकाच वाय-फायवरचं डिव्हाइस शोधायला २१०२७. लॅपटॉपच्या फायरवॉलने हे अडवले असतील तर दोन्ही डिव्हाइस शेजारी ठेवूनही भेट होत नाही. हॉस्टेल, कॉलेज किंवा ऑफिसच्या वाय-फायवर अनेकदा एका डिव्हाइसला दुसरं दिसूच दिलं जात नाही. तिथे फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर दोष वाय-फायचा आहे.

तिसरी, स्पीड. जोडणी झाली पण फाइल मुंगीच्या पावलाने येतायत? स्क्रीनवर जोडणीचा प्रकार बघा. तिथे ‘रिले’ असेल तर थेट रस्ता मिळालेला नाही आणि डेटा मधल्या एका सर्व्हरवरून वळून येतोय. त्या सर्व्हरला तुमच्या फाइल वाचता येत नाहीत, कारण त्या एन्क्रिप्ट केलेल्या असतात. पण वेग मात्र कमी होतो.

अँड्रॉइडवर अजून एक भानगड असते. बॅटरी वाचवायला फोन मागे चाललेली अ‍ॅप बंद करतो. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन सिंकथिंगला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यावी लागते.

९९ टक्क्यांवर अडकलंय

‘आउट ऑफ सिंक’ दिसलं की अनेक जण अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात. त्याची गरज नसते. त्या शब्दांवर क्लिक केलं की कोणत्या फाइल अडल्यात त्यांची यादी उघडते आणि बहुतेक वेळा कारणही दिसतं.

नेहमीचं कारण म्हणजे फाइलचं नाव. समजा फोनमधल्या रेकॉर्डरने ‘१०:३०’ अशी वेळ नावात टाकली. फोनला ते चालतं, पण विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही. त्यामुळे ती एक फाइल अडते. नाव बदलल्यावर काम होतं. बाकी कारणं म्हणजे डिस्क भरलेली असणं, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसणं किंवा फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असणं.

एकाच फाइलच्या दोन फाइल कशा झाल्या?

नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख असलेली फाइल दिसली तर घाबरू नका. एकच फाइल दोन डिव्हाइसवर, एकमेकांशी संपर्क नसताना बदलली गेली की असं होतं. कोणता बदल खरा, हे टूल ठरवू शकत नाही. म्हणून ते दोन्ही ठेवतं. नंतर बदललेली फाइल मूळ नावाने राहते आणि आधीचीला हे लांबलचक नाव मिळतं. दोन्ही उघडून बघा, हवं ते घ्या आणि मगच एक उडवा. एखाद्या डिव्हाइसचं घड्याळ चुकीचं असेल तर ‘नंतरची’ कोणती हा हिशोबही चुकतो. त्यामुळे तारीख-वेळ आपोआप सेट होऊ द्या.

‘फोल्डर मार्कर मिसिंग’ म्हणजे काय?

प्रत्येक फोल्डरमध्ये सिंकथिंग ‘डॉट एसटीफोल्डर’ नावाची एक खूण ठेवतं. ती सापडली नाही की सिंक थांबतं. का? समजा तुमचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे आणि तिची वायर निघाली. टूलला तिथे काहीच दिसणार नाही. ‘सगळं उडवलं वाटतं’ असं समजून त्याने बाकीच्या डिव्हाइसवरच्या फाइलही उडवल्या तर? तसं होऊ नये म्हणून ही खूण आहे.

त्यामुळे हा मेसेज आला की आधी डिस्क जोडलेली आहे का आणि फाइल जागेवर आहेत का ते बघा. कधी कधी फोनमधलं क्लीनर अ‍ॅप ही खूण कचरा समजून काढतं. फाइल सगळ्या असतील तरच खूण परत तयार करा.

तसंच ‘ओव्हरराइड चेंजेस’ आणि ‘रिव्हर्ट लोकल चेंजेस’ ही बटणं नीट वाचल्याशिवाय दाबू नका. पहिलं बटण दुसऱ्या डिव्हाइसवरचे बदल पुसतं, दुसरं तुमच्याकडचे.

मग फोटो वाचवायचे कसे?

फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ असतं. ते सुरू केलं की दुसरीकडून उडवलेली किंवा बदललेली फाइल लगेच नष्ट होत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. पण एक मेख आहे. हे फक्त दुसऱ्या डिव्हाइसवरून आलेल्या बदलांना लागू होतं. म्हणजे फोनवरचे फोटो लॅपटॉपवर वाचवायचे असतील तर व्हर्जनिंग लॅपटॉपवर सुरू हवं. आणि ते केलं तरी महत्त्वाच्या फाइलची एक प्रत सिंकबाहेरच्या डिस्कवर हवीच.

टूल सुधारतंय कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये सिंकथिंग २.० आलं. आतला डेटाबेस बदलून एसक्यूलाइट आणला गेला. त्यामुळे जुन्या आवृत्तीवरून आल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागू शकतो. तेव्हा मध्येच बंद करू नका. दुसरा बदल म्हणजे उडवलेल्या फाइलची नोंद आता कायम ठेवली जात नाही, १५ महिन्यांनी विसरली जाते. ही मुदत बदलता येते. पण दोन वर्षं कपाटात पडलेला लॅपटॉप जोडला, तर उडवलेल्या फाइल परत येऊ शकतात हे लक्षात ठेवा.

अँड्रॉइडचं अधिकृत अ‍ॅप मात्र डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवणं अवघड झालं होतं आणि सांभाळायला पुरेशी माणसं नव्हती. कोड खुला असल्याने ‘सिंकथिंग-फोर्क’ हे वेगळं अ‍ॅप लोकांना वापरता आलं. फक्त असं अ‍ॅप घेताना ते सध्या कोण सांभाळतंय आणि कुठून डाउनलोड करतोय, हे तपासून घ्या. तुमच्या फाइल त्याच्या हातात असणार आहेत.

खरंच बग सापडला तर तो कळवताही येतो. त्यासाठी दोन्हीकडची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, लॉग आणि काय केल्यावर काय झालं एवढं लिहा. लॉग टाकण्याआधी त्यात तुमच्या फोल्डरची आणि फाइलची नावं दिसतात का बघा आणि नको असलेली झाका. ‘चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही.