कुंपणच जेव्हा शेत खाते

संध्याकाळी कतारगामातील हिऱ्यांचे कारखाने सुटले की चहाच्या टपरीपाशी विड्या पेटतात. आपल्यापैकी काहींना वडीलधाऱ्यांनी विडीचे बंडल आणावयास धाडलेही असेल. अशी वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या माणसास पुढे जिना चढतानाही धाप लागू लागते. ‘धुराने छाती जळाली’ असे आपण म्हणतो. परंतु खरी हकीकत याहून विलक्षण आहे.

आपल्या फुप्फुसांत द्राक्षांच्या घोसांसारखे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतींत इलास्टिन नावाचे लवचीक तंतू असतात. त्यांच्यामुळेच कोश रबराप्रमाणे आकसून हवा बाहेर ढकलतात. तेथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहारा देतात आणि आत आलेले जंतू व धूळ गिळून टाकतात. पेशींचे हे रक्षणकार्य मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली तारामाशाच्या अळ्यांत ओळखले. १९०८ साली त्यास नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जंतू मेला की लढाई संपते. धूर मात्र रोज नव्याने येतो. मग त्रासलेल्या भक्षक पेशी रासायनिक संदेश पाठवून रक्तातील न्यूट्रोफिल पेशींना मदतीस बोलावतात. न्यूट्रोफिलजवळ इलास्टेज नावाचे शस्त्र असते. शत्रूवर उगारलेले हे शस्त्र येथे वायुकोशांचे तंतूच कुरतडू लागते. त्यास आवरणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन रक्तात असते. परंतु धूर त्यालाही दुबळे करतो. हे प्रथिन जन्मतःच कमी असणाऱ्यांस फुप्फुसविकार लवकर जडतो, असे लॉरेल व एरिकसन यांनी स्वीडनमध्ये १९६३ साली दाखविले. टी-पेशीही या विध्वंसात सामील होतात. भिंती मोडतात, श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. या विकारास डॉक्टर सीओपीडी म्हणतात. कुंपणच शेत खाते, ते असे! शिवाय धुराने थकलेल्या भक्षक पेशींना खरे जंतूही नीट गिळता येत नाहीत.

केवळ विडीच दोषी आहे असे नाही. माझ्या आजीने कधी विडीस हात लावला नाही; तरी कोकणात चुलीपाशी जन्म घालवून तीही रात्र रात्र खोकत बसे. लाकूडफाट्याचा धूरही असाच विकार जडवू शकतो.

मोडलेले वायुकोश पुन्हा उभे राहत नाहीत. मात्र धूम्रपान सोडल्यास ऱ्हासाचा वेग मंदावतो, हे फ्लेचर व पीटो यांनी १९७७ साली इंग्लंडमध्ये दाखवून दिले. म्हणजे जेवढे शेत उरले आहे तेवढे राखता येते, आणि कोणत्याही वयात.

१८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा पुन्हा कोणी विडी आणावयास सांगितले, तर रागावू नका. त्यांच्याजवळ बसा आणि या पहारेकऱ्यांची गोष्ट त्यांना सांगा.