अडकलेले फ्रीव्हील

– द्वितीय वर्ष, कला शाखा

सायकल चालवता येणे निराळे आणि सायकल कळणे निराळे. पाचवीत असताना दांडीखालून पाय घालून मी सायकल शिकलो आणि पुढे सात-आठ वर्षे ती चालवली. पण ती आपल्याला कळत नाही, हे समजायला गेल्या वर्षीची सत्र परीक्षा यावी लागली.

आमच्या घरी एकच सायकल आहे. काळी, २८ इंची, भक्कम कॅरिअरची. पहाटे अण्णा तिच्यावर कॅन अडकवून डेअरीला दूध घालतात आणि साडेआठला ती माझ्या ताब्यात येते. गावापासून कॉलेज ११ किलोमीटर. एस. टी. आहे, पण ती पहिला तास संपल्यावर पोचते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझे शिक्षण आणि घरचे दूध ही दोन्ही ओझी ती एकटी सायकल वाहते, असे म्हटले तरी चालेल.

परीक्षेला पाच दिवस उरले असताना चढावर एकदम पायडल मोकळे फिरू लागले. चेन फिरत होती, मागचे दातेरी चक्रही फिरत होते. पण चाक जागचे हलत नव्हते. सायकल ढकलत घरी आणली. अण्णांनी चाक फिरवून पाहिले आणि म्हणाले, "फ्रायवेल गेलंय. तू शिकतोस, बघ जमतंय का." या एका वाक्यात विश्वास होता की परीक्षा, ते मला अजून सांगता येत नाही. मी कामाला लागलो आणि चुकलो. त्या चुकीतून जे शिकलो, ते या लेखात सांगायचे आहे.

प्रथम फ्रीव्हील म्हणजे काय ते पाहू. मागच्या चाकाच्या मधोमध, उजव्या बाजूला जे दातेरी चक्र असते, ते फ्रीव्हील. ते एकसंध नसते. त्याचे मुख्य भाग दोन. आतला भाग हबवर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. बाहेरचा भाग म्हणजे दाते असलेले कडे. ते छर्‍यांवर आतल्या भागाभोवती फिरते. या दोहोंच्या मध्ये स्प्रिंगवर उचललेल्या लहान पोलादी जिभा असतात. आमच्याकडचे कारागीर त्यांना 'कुत्रे' म्हणतात. कड्याच्या आतल्या अंगाला करवतीसारख्या तिरप्या खाचा असतात. आपण पायडल पुढे मारतो तेव्हा कुत्रे त्या खाचांना चावा घेऊन धरतात आणि कडे, आतला भाग व चाक एकजीव होऊन फिरतात. पाय थांबवला की चाक पुढे पळत राहते, कुत्रे खाचांवरून घसरतात आणि तो ओळखीचा टिकटिक आवाज येतो. ही सोय नसती, तर उतारावरसुद्धा चाकाबरोबर पायडल फिरतच राहिले असते. अगदी सुरुवातीच्या सायकली तशाच होत्या. आमच्या फ्रीव्हीलमधले कुत्रे झिजून गुळगुळीत झाले होते. चावाच बसत नव्हता, म्हणून पायडल खाली फिरत होते.

नवे फ्रीव्हील विकत मिळते. अडचण जुने काढण्याची असते. ते इतके घट्ट का बसते?

हबवर सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचे, एका इंचात २४ असे बारीक आटे असतात. ते उजवे आटे, म्हणजे नेहमीच्या नटबोल्टसारखे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की आवळतात. उजव्या बाजूने पाहिले तर चेनही फ्रीव्हीलला त्याच दिशेने ओढते. म्हणजे पायडलवरचा प्रत्येक दाब फ्रीव्हील थोडे अधिक आवळत असतो. आमच्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेर्‍यात सायकल जवळजवळ ६ मीटर जाते. या हिशेबाने ११ किलोमीटरला सुमारे १,८५० फेरे होतात; प्रत्येक फेर्‍यात दोन पायांचे दोन दाब धरले तर एका खेपेत ३,७०० दाब. आमचे फ्रीव्हील बारा वर्षांचे होते. त्यात दर पावसाळ्यात चिखलपाणी शिरलेले. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली उरलीसुरली फटही बुजून जाते.

इतके घट्ट बसलेले असले तरी ते डावीकडे, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की सुटेल, हे मला ठाऊक होते. म्हणून मी दात्यांवर जुन्या चेनचा तुकडा गुंडाळला आणि जोर लावून डावीकडे ओढले. फ्रीव्हील आनंदाने फिरले. टिक, टिक, टिक. आणखी जोर लावला, आणखी टिकटिक. फ्रीव्हीलची खरी मेख इथेच आहे. ज्या दिशेने ते सुटायचे, त्याच दिशेने त्याचे बाहेरचे कडे मोकळे फिरते. बाहेरून कितीही ओढा, आतल्या आट्यांपर्यंत तो जोर पोचतच नाही.

आतल्या भागाच्या तोंडावर समोरासमोर दोन खाचा दिसल्या. त्यांतल्या एकीत छिन्नी लावून मी हातोडा मारला. तिसर्‍या घावाला खाचेची कड तुटून उडाली. खाच गेली, फ्रीव्हील तसेच. आता आणखी ठोकून हबचे आटे गेले, तर हब बदलावा लागणार आणि सार्‍या तारा सोडून चाक नव्याने बांधावे लागणार होते. तो खर्च म्हणजे माझी परीक्षा फी. दुसर्‍या दिवशी पहाटे अण्णा दुधाचे कॅन काठीला अडकवून चालत गेले. मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

मी चाक खांद्यावर घेऊन बाजारपेठेतल्या सायकलच्या दुकानात गेलो. तिथले मिस्त्रीकाका चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी तुटकी खाच पाहिली आणि विचारले, "आतलं धरलं हुतंस का भाईरचं?"

"आधी बाहेरचं धरलं, काका. मग खाचेत छिन्नी मारली."

"आरं, भाईरनं किती बी वड, ते टिकटिकच करणार. आतलं धराय पायजे. आन् धरलं की फ्रायवेल फिरवायचं न्हाई, चाक फिरवायचं."

या दोन वाक्यांत सगळी युक्ती आली. त्यांनी आधी योग्य पद्धत समजावून सांगितली, ती अशी.

चाक काढून, फ्रीव्हीलची बाजू खाली येईल असे आडवे ठेवावे. हब आणि फ्रीव्हील जिथे मिळतात तिथे रॉकेल किंवा पातळ तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. कडेने हलक्या हाताने ठोकले तर तेल आट्यांत लवकर उतरते. त्या दोन खाचांत नेमकी बसणारी चावी सायकलच्या दुकानात असते. ती खाचांत बसवून तिच्यावर आसाचा नट हाताने लावून टाकावा, म्हणजे जोर लावताना चावी उसळून खाच तुटत नाही. माझी छिन्नी तशीच उसळली होती. मग चावी व्हाइसमध्ये घट्ट पकडावी, म्हणजे चाक तिच्यावर आडवे राहते. दोन्ही हातांनी रिम समोरासमोर धरून, मोटारचे सुकाणू फिरवावे तसे चाक डावीकडे फिरवावे. 'कट्' असा आवाज येऊन पकड सुटली की लगेच थांबून नट सैल करावा. नट तसाच ठेवून पुढे फिरवत राहिले, तर सुटणारे फ्रीव्हील चावीला नटावर रेटते आणि आसाचे आटे बिघडतात. त्यानंतर उरलेले आटे हातानेसुद्धा उलगडतात.

चाक फिरवण्यात काय साधते, ते मी घरी आल्यावर हिशेब करून पाहिले. दहावीपर्यंतच्या विज्ञानात तरफेचा नियम होता. पाठ केला होता, वापरला कधी नव्हता. ६० किलो वजनाचा माणूस १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर पूर्ण भार देऊन उभा राहिला, तर क्रँकवर १०.२ किलो-मीटर इतका पीळ पडतो. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असल्यामुळे फ्रीव्हीलपर्यंत त्यातला ३.८ किलो-मीटरच पोचतो. उलट रिमवर, मध्यापासून सुमारे ३३ सेंटिमीटरवर, दोन्ही हातांनी प्रत्येकी २५ किलोचा जोर लावला, तर १६.५ किलो-मीटर पीळ मिळतो. म्हणजे आवळणार्‍या जोराच्या चौपटीहून अधिक! गंजाने धरलेली पकड सोडवायला तो जादा जोर लागतोच. इतकी मोठी तरफ चाकाच्या रूपाने माझ्या हातात होती आणि मी छिन्नी शोधत बसलो होतो.

पण आमची एक खाच तुटलेली होती. चावी बसणार नव्हती. मग काकांनी दुसरी पद्धत वापरली. हिच्यात फ्रीव्हील वाया जाते, म्हणून ते टाकूनच द्यायचे असेल तेव्हाच ती करावी. फ्रीव्हीलच्या तोंडावर दोन बारीक छिद्रे असलेली एक गोल चकती असते. तिचे आटे डावे असतात, म्हणजे ती उलट, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. काकांनी छिद्रात पंच तिरका लावून त्या दिशेने हलके हलके ठोकले. चकती सुटताच बारीक छर्रे खाली अंथरलेल्या फडक्यावर घरंगळले. दातेरी कडे उचलले गेले, दोन्ही कुत्रे आणि त्यांच्या स्प्रिंगा निघाल्या, आणि मागे राहिला तो आतला नुसता गाभा. तो त्यांनी सरळ व्हाइसच्या जबड्यात आवळला. "आता फिरव चाक," ते मला म्हणाले.

पहिल्या झटक्याला काही झाले नाही. दुसर्‍या झटक्याला काडकन आवाज झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. मला वाटले, हब फुटला. पण फुटली होती ती गंजाची पकड. गाभा निघाल्यावर आटे रॉकेलने धुऊन पाहिले. सगळे शाबूत होते.

काही सायकलींत फ्रीव्हील मागच्या चाकावर नसून पुढे क्रँकवरच बसवलेले असते. खडकांवरून, ओंडक्यांवरून उड्या मारत जाण्याचा 'ट्रायल्स' नावाचा सायकलचा खेळ आहे. त्या सायकलींत अशी रचना आढळते. तिथे फ्रीव्हील अधिकच घट्ट बसते, आणि त्याचे कारण वरच्या हिशेबातच आहे. दात्यांच्या फरकाने मागे ३.८ वर येणारा पीळ तिथे कमी होत नाही. सगळाच्या सगळा १०.२ थेट आट्यांवर पडतो. शिवाय क्रँक बहुधा अ‍ॅल्युमिनियमची आणि फ्रीव्हील पोलादी. या दोन धातूंच्या मध्ये पाणी शिरले की अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याचा पांढरा क्षार आटे धरून ठेवतो. काढण्याचे तत्त्व मात्र तेच. क्रँक आसावरून उतरवावी, तेल मुरू द्यावे, फ्रीव्हीलच्या खाचांत बसवलेली चावी व्हाइसमध्ये पकडावी आणि क्रँकचीच तरफ करून ती फिरवावी. १७ सेंटिमीटरची तरफ तोकडी पडते, म्हणून तिच्यावर फडके गुंडाळून लांब लोखंडी नळी चढवावी. सगळेच तापवण्याचा मोह टाळावा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. आत अ‍ॅल्युमिनियम आणि बाहेर पोलाद असल्यामुळे पकड उलट घट्ट होईल.

नवे फ्रीव्हील बसवण्याआधी काकांनी हबच्या आट्यांना बोटाने ग्रीस लावले. "हे लावलं असतंस तर आज हितं आला नसतास," ते म्हणाले. फ्रीव्हील हातानेच, आटा सरळ लागतो आहे ना हे पाहत चढवले. पान्याने आवळले नाही. आवळण्याचे काम पहिले चार-सहा पायडल आपोआप करतात.

आपल्याकडे कारागिरीला विद्या म्हणण्याची सवय नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने केली, हे आपण भाषणांत ऐकतो. पण आपल्याच बाजारपेठेतल्या दुकानात पंक्चर काढायला गेलो की बाकावर बसून मोबाईल पाहतो. मीही तेच करत होतो. तरफेचा नियम मला पाठ होता, तो काकांच्या हातात होता. त्या दिवशी दोन्ही एका ठिकाणी आले, एवढेच.

मजुरी किती, असे विचारले तेव्हा काकांनी फक्त नव्या फ्रीव्हीलचे पैसे घेतले. "चाक तूच फिरवलंस की," म्हणाले.

संध्याकाळी अण्णांनी सायकल उभी करून पायडल उलटे फिरवले. टिकटिक ऐकली, मग पायडल पुढे दाबून चाक ओढते का ते पाहिले. जुन्या फ्रीव्हीलचा गाभा मी त्यांना दाखवला आणि काय झाले होते ते सांगितले. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवून दिला. पहाटे कॅन कॅरिअरला लागले आणि साडेआठला सायकल माझ्या ताब्यात आली. परीक्षेचे सगळे पेपर मी वेळेवर दिले.

कॉलेजच्या सायकल स्टँडवर माझ्यासारखे आणखी पुष्कळजण लांबून येतात. त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी चाक खोलले जाईल तेव्हा फ्रीव्हील उतरवून आट्यांना बोटभर ग्रीस लावून घ्या. आणि कधी ते अडकलेच, तर छिन्नी उचलण्याआधी आतले धरले आहे का, हे एकदा पाहा.